काकांनी गाडीचा नंबर मागितला

चार टू-व्हीलरवाले एका टेबलावर बसवा आणि नुसतं ‘चलान’ म्हणा. डबे संपतात, किस्से संपत नाहीत! आमच्या पवईच्या ऑफिसात तर हे रोजचंच. कुणीतरी मोबाईलवर गाडीचा नंबर टाकतं आणि जुनी पापं बाहेर येतात. तीही फोटोसकट!

*

नितीनला विदाउट हेल्मेटचं चलान आलं. वाटलं, आता हा शिव्या घालणार. तर भाऊ फोटो झूम करून खूश!

“पोट दिसत नाहीये यार माझं!”

संध्याकाळी तोच डीपी.

*

पल्लवीची स्कूटर विक्रोळीला गॅरेजमध्ये, आणि चलान आलं जोगेश्वरीचं! सिग्नल तोडला म्हणून. ही तणतणत मेकॅनिककडे.

“टेस्ट राइड मारत होतो ताई. ब्रेक चेक करायला.”

“सिग्नल तोडून?”

“तोडला म्हणून तर कळलं ना, ब्रेक लागत नाही!”

*

माझ्या फोटोत हेल्मेट आहे. फक्त हातात अडकवलेलं. आईने बघितलं आणि एकच विचारलं, “मेंदू कोपरात असतो का गं तुझा?”

*

पण टॉपला ओंकार!

ओंकार आणि श्रद्धा, दोघंही आमच्याच ऑफिसातले. तिच्या घरी सांगितलेलं, “फक्त ऑफिसातली ओळख, बाहेर कध्धी फिरलो नाही.” लग्नाचं विचारायला ओंकार मुलुंडला तिच्या घरी गेला, धीर द्यायला मी सोबत. तिचे बाबा, सावंतकाका, पक्के मालवणी. पत्रिका नको म्हणाले.

“गाडीचो नंबर सांग. मानूस कसो आसा, तां थंयच कळता.”

ओंकारने छाती काढून नंबर सांगितला. मी कोपर मारलं, “अरे, तुझं ते जुनं चलान?”

“भरलं ना! भरलं की पुसलं जातं.”

काकांनी ‘भरलेली चलानं’ उघडली. वाट लागली!

फोटो मागून काढलेला. ओंकार बोडका. मागे हेल्मेट घातलेली एक मुलगी, पिवळी ओढणी गाडीवर फडफडतेय.

“ह्या कोण?”

ओंकारची पंचाईत. नाव सांगितलं तर श्रद्धा खोटी पडते, नाही सांगितलं तर हा गेला! श्रद्धा खाली बघतेय. तेवढ्यात काकू चष्मा लावून वाकल्या.

“अगो बाय! ही माझी ओढणी! शोधून शोधून मेलंय मी!”

काका फोटो मोठा करून बघतायत.

“हेल्मेट एकच होता?”

“हो, काका.”

“आनि तां हिका दिलंस?”

“हो.”

काकांनी मोबाईल बंद केला. “चाय टाक गो. जावई इलो हा.”

साखरपुड्याला ताटात नारळ, पोशाख आणि शेजारी कोरं हेल्मेट! काकांनी स्वतः ओंकारच्या डोक्यावर चढवलं, पट्टासुद्धा लावला.

भटजी कुंकवाचं बोट घेऊन उभे. “यजमान, आता लावू कुठे?”

काका म्हणाले, “काच वर कर रे!”