बाजारात अडकलेला पदर

आपण देवाला जे मागतो ते त्याला ऐकू तरी जातं का, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात फार छळत होता. मोताळ्यात दत्ताच्या देवळाला लागून असलेल्या एका खोलीत मी मोठ्या वयाच्या दिव्यांग माणसांना आपलं आपण राहायला शिकवते. गॅस पेटवणं, भाजी चिरणं, एसटीनं एकट्यानं जाणं, असं सगळं. सकाळी दत्तासमोर दिवा लावायचा आणि मग खोली उघडायची, हा माझा नेम. पण दिवा लावता लावता मी देवाला सूचनाही द्यायची. मुळात मी घायकुतीला येणारी बाई. कुणाला कांदा चिरायला वेळ लागला की माझेच हात शिवशिवतात.

माझ्याकडे शिकणारी सुनंदा पस्तिशीची. तिला समजतं सगळं, पण सावकाश. आई होती तोवर आईनं तिला चुलीजवळ फिरकूही दिलं नाही. आई गेली आणि तिचा भाऊ विलास पेचात पडला. आईची खोली त्याच्या घरासमोरच होती आणि सुनंदाला तिथंच राहायचं होतं. त्याच्या मनात मात्र तिला लांबच्या एका आश्रमात ठेवायचं होतं. माणूस वाईट नव्हे, घाबरलेला. "ताई, एकटीच्या हातून काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?" असं तो मला म्हणाला होता. शेवटी असं ठरलं की सुनंदानं बाजारातून एकटीनं भाजी आणायची, स्वयंपाक करायचा आणि विलासनं बायकोला घेऊन तिच्याकडे जेवायचं. जमलं तर खोली तिची, नाही तर आश्रम.

मी कंबर कसली. खोलीत वजनकाटा आणला. "पाव किलो वांगी द्या" हे वाक्य तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की ती झोपेतही म्हणाली असती. बाजाराच्या दिवशी दत्तासमोर उभी राहून मी स्पष्ट सांगितलं, देवा, मला आज तिच्यासोबत जाता येत नाही, तू तिचा हात धर. एवढं सांगूनही मला धीर कुठला! तिच्या मागोमाग गेलेच आणि बांगड्यांच्या दुकानाआड उभी राहिले.

सुनंदा एका म्हातारीसमोर बसली आणि वाक्य बिनचूक म्हणाली. म्हातारी म्हणाली, "काटा नाही बाई माह्याजवळ. वाटे हायेत, थे घे." आमच्या बाजारात खेड्यांवरून येणाऱ्या बायका गोणपाटावर टोपली ओततात आणि नजरेनंच भाजीचे लहान लहान ढीग, म्हणजे वाटे, लावून विकतात. माझा जन्म याच बाजारात गेला, आणि शिकवताना मी काटा धरून बसले होते. सुनंदाची बोटं पिशवीचा बंद पिळू लागली. ही तिची रडण्याआधीची खूण. मी धावले.

तोच मागून कुणीतरी पदर ओढला. वळून पाहिलं तर कुणी नाही, पदर दुकानाच्या बांबूच्या खिळ्यात अडकलेला. सोडवायला गेले तर काठ आणखीच गुंतला. मी देवावर मनापासून चिडले. तेवढ्या वेळात मला फक्त बघता येत होतं, म्हणून बघितलं. मागचं गिऱ्हाईक घाई करू लागलं, त्याला म्हातारीनं हातानंच थांबवलं. सुनंदा वाट्यांकडे बघत राहिली. मग तिनं त्यातल्या एका वाट्यातलं एकेक वांगं उचलून बाजूला ठेवलं. "हे दादाचं. हे वहिनीचं. हे माह्यं." एक उरलं. ते हातात धरून ती थोडा विचार करत बसली आणि म्हणाली, "हे ताईचं." मग सगळी वांगी पिशवीत टाकली, पैसे दिले आणि उठली. ताई म्हणजे मी. मी तिथं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. मी बांबूला धरून रडले.

संध्याकाळी आम्ही चौघं तिच्याकडे जेवलो. भाजीत मीठ जरा जास्तच होतं, पण विलासनं पुन्हा वाढून घेतली. निघताना त्यानं खोलीची किल्ली काढून सुनंदाच्या हातावर ठेवली.

मला मात्र चैन पडेना. त्या म्हातारीला थांबायचं सुचलं कसं? पुढच्या बाजारी मी तिला गाठून विचारलंच, की तिनं त्या पोरीला मदत का केली नाही. ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. "मदत कायची बाई? गिऱ्हाईक माल पाहून राह्यलं होतं. मी पाहू देल्लं." इतकं बोलून ती मेथी निवडायला लागली.

येताना तो खिळाही शोधला. त्या बांबूला खिळे बरेच होते, आपला कोणता ते कळलं नाही. मग देवळात येऊन बसले आणि हळूहळू उमगलं. मी म्हटलं होतं, तिचा हात धर. त्यानं माझा पदर धरला. माझं गाऱ्हाणं त्याला ऐकू गेलं होतं, फक्त धरायचं कुणाला हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

आता दिवा लावताना मी सूचना देत नाही. नुसते हात जोडते, आणि वर्गात ते शिवशिवायला लागले की तसेच जोडून ठेवते.