वझ्झरच्या वाटेवरचे रविवार

अचलपूरच्या बाहेर, सापन नदीच्या अंगाला, नितेश भुयारचं दोन एकरांचं वावर आहे. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू. पहाटे भाजी तोडायची, परतवाड्याच्या बाजारात नेऊन टाकायची, दहाच्या आत घरी यायचं, हा त्याचा सहा दिवसांचा नेम. सातवा दिवस मात्र त्यानं स्वतःच्या लेकरांसाठी राखून ठेवला होता.

रविवारी सकाळी भुयारांच्या घरासमोर दोन सायकली उभ्या राहत. एक नितेशची, काळी, जुनी, दांडी असलेली. दांडीवर त्यानं वेल्डिंगवाल्याकडून एक लहानशी सीट बसवून घेतली होती, तिच्यावर पाच वर्षांचा शिवम. मागच्या कॅरियरवर उशी बांधून आठ वर्षांची आचल. दुसरी सायकल रागिणीची, तिच्या बास्केटमध्ये डबा, पाण्याच्या बाटल्या आणि लेकरांचे जास्तीचे कपडे. रागिणी तेल्हाऱ्याकडची. शाळेला रोज सात किलोमीटर सायकल मारत गेलेली, त्यामुळे चढावरही ती नवऱ्याच्या पुढे निघायची आणि वर जाऊन हसत थांबायची.

शेजारचे खुशालराव ओट्यावरून विचारायचे, "काहून रे नितेश, मोटरसायकल बंद पडली का तुही?"

"चालू हाय काका. पण तिच्यावर लेकरायले काही दिसत नाही. भुर्रकन निघून जाते सारं."

आणि ते खरंच होतं. वझ्झरच्या धरणापर्यंतची आठ-दहा किलोमीटरची वाट कापायला ते दोन-दोन तास लावत. संत्र्याच्या बागेच्या कडेला थांबायचं, तारेवर बसलेला नीलकंठ बघायचा, कालव्यात पाय सोडून बसायचं. धरणावर पोचलं की रागिणी कच्चा चिवडा कालवायची, कांदा कापायची. लेकरं काठावर चपटे दगड शोधायची. नितेशच्या बापानं, भगवंतरावांनी, आयुष्यात कधी पोराला हौसेनं कुठं नेलं नव्हतं. बापासोबत जायचं म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन मागं मागं चालायचं. धरणावर बसून शिवमच्या ओल्या केसांतून टॉवेल फिरवताना नितेशला वाटायचं, आपलं एवढं तरी बरं जमलं.

संध्याकाळी वावरात पायाखालची बादली त्याला दिसेनाशी झाली ती साधारण त्याच सुमारास. आधी एकदा अडखळला, मग तीनदा. बाजारात बाजूनं आलेल्या बाईला धक्का लागला, तिनं चारचौघांत शिव्या घातल्या. समोरचं स्वच्छ दिसायचं, वांग्यावरची बारीक अळीसुद्धा. कडेचं मात्र कुणीतरी हळूहळू पुसत चाललं होतं.

हे काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचे मामा, पंजाबराव, चाळिशीत पूर्ण आंधळे झाले होते. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलं की खाटेपासून संडासापर्यंत बांधलेला दोर दिसायचा. त्या दोराला धरून मामा जायचे, यायचे, आणि पुन्हा खाटेवर बसायचे. गावची पोरं तो दोर सोडून ठेवायची. एकदा त्या पोरांत नितेशही होता.

एका बुधवारी बियाणं आणायला जातो असं सांगून तो एसटीनं अमरावतीला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन तास तपासलं, मामांबद्दल विचारलं, आणि खुर्ची जवळ ओढून सांगितलं की डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय, औषध नाही, किती वर्षं दिसेल ते सांगता येत नाही.

"गाडी चालवता?"

"मोटरसायकल. अन् सायकल."

"दोन्ही बंद करा. मुलांना बसवून तर अजिबात नको. आणि घरी सांगा. पुढच्या वेळी बायको-मुलांना घेऊन या, मुलांबद्दलही काही बोलावं लागेल."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. बियाण्याची दोन पाकिटं त्यानं आठवणीनं घेतली होती. घरी आला, पाकिटं रागिणीच्या हातात दिली, आणि काहीच बोलला नाही. मोटरसायकल त्यानं महिनाभरात विकून टाकली, तिच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणाला. बाजारात भाजी आता ऑटोनं जाऊ लागली. सायकल मात्र त्याच्यानं सोडवली नाही. सायकल सोडली की रविवार गेला, आणि रविवार गेला की उरला तो दोर.

मग त्यानं खेळ काढला.

"आचल, आता तू माह्या खांद्यावरून पाहायचं. खड्डा दिसला की सांगायचं, एक गुण. गाय-म्हैस, दोन गुण. ट्रक आला तर पाच. शंभर झाले की आईस्क्रीम."

आचलला हा खेळ भलताच आवडला. "बाबा, डाव्या बाजूनं खड्डा! बाबा, बकऱ्या! बकऱ्यांचे किती?" ती कॅरियरवर अर्धी उभी राहून ओरडायची. नितेश रागिणीच्या लाल ओढणीमागं सायकल ठेवायचा आणि कडेचं सगळं पोरीच्या आवाजावर सोडून द्यायचा. रागिणी मागं वळून हसायची. तिला वाटायचं, बाप-लेकीचं काय जमतं! असं दीड वर्ष चाललं. या दीड वर्षात कुणाला खरचटलंही नाही, आणि नितेशला मनातून वाटू लागलं की डॉक्टर लोक जरा जास्तच घाबरवतात.

संक्रांतीनंतरच्या रविवारी धरणावर आचलनं दुपारभर शोधून नऊ गोल गोटे जमवले होते. शिवमनं ते एकेक करून पाण्यात फेकले. आचलनं त्याच्या थोबाडीत मारली. तो रडायला लागला आणि नितेश पोरीवर खेकसला, "अक्कल नाही का तुले? मोठी हाय ना तू?"

आचल उठून सायकलीपाशी जाऊन बसली. शिवमची समजूत काढता काढता निघायला उशीर झाला. हिवाळ्याचा दिवस, सूर्य बुडाला की उजेड झपकन जातो. नितेशला ते कळत होतं. त्यानं पायडल जोरात मारायला सुरुवात केली. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला, रागिणी पुढं निघून गेली आणि तो मागं राहिला. कळप सरला तेव्हा लाल ओढणी कुठंच नव्हती. समोर नुसता राखाडी रस्ता.

"आचल, सांगत राह्य बरं."

मागून उत्तर आलं नाही. एका ठिकाणी मोरीसाठी अर्धा रस्ता खोदला होता. कडेला चुना लावलेले दगड मांडून ठेवले होते. सकाळी जाताना तो त्यांच्याजवळूनच गेला होता. पुढून रागिणीचा आवाज आला, "इकडून या, इकडून!" पण इकडून म्हणजे कुठून, ते त्याला दिसलं नाही. पुढचं चाक दगडावरून उडालं आणि सायकल खाली गेली.

आचल कॅरियरवरून मातीच्या ढिगावर पडली, तिला काही झालं नाही. नितेशची हनुवटी फुटली. शिवमचा उजवा हात हँडल आणि सिमेंटच्या पाइपाच्या मधे सापडला. कोपराच्या वर हाड मोडलं होतं आणि हात भलत्याच दिशेला वळला होता. मागून येणाऱ्या एका जीपवाल्यानं त्यांना अचलपूरला नेलं. तिथून अमरावतीला पाठवलं. पन्नास किलोमीटर रागिणी पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि मधल्या वाटेवर ती एकदाच बोलली, "याची बोटं थंडी पडून राहिली."

ऑपरेशन झालं. हात राहिला, पण हाडानं रक्ताची नळी दाबून धरली होती, तेवढ्या वेळात हातातले स्नायू मेले होते. बोटं आत वळली ती वळलीच.

चौथ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात, बाकावर, आचल बापाजवळ येऊन बसली. चपलेनं माती उकरत राहिली.

"बाबा, मले तो खड्डा दिसला होता. ते दगडही दिसले होते."

नितेशनं हनुवटीवरच्या पट्टीला हात लावला.

"मी रागात होती. म्हणून नाही सांगतलं."

इथंच त्यानं बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण आत वॉर्डात रागिणी होती, आणि एक गोष्ट सांगितली की दुसरी आपसूक सांगावी लागणार होती. त्यानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे. कोणाले सांगू नको."

त्याला वाटलं आपण तिला धीर दिला.

शिवमला घरी आणल्यावर आठवडाभरानं रागिणीच्या एक गोष्ट ध्यानात आली. आचल डाव्या हातानं जेवत होती. उजवा हात तिनं फ्रॉकच्या आत, पोटाशी धरून ठेवला होता. भात सांडत होता, वरण कोपरापर्यंत ओघळत होतं. शाळेतल्या बाईंचा निरोप आला की पोरगी डाव्या हातानं लिहिते आहे, काही लिहिता येत नाही.

"हे काय लावलं गं तू?" रागिणीनं दुपारी ताटावरच विचारलं. "काढ हात बाहेर."

"नाही."

"काहून नाही?"

"शिवमचा गेला तर मीबी नाही वापरत. त्याचा हात माह्यानंच गेला. मले खड्डा दिसला होता अन् मी सांगतला नाही." मग तिनं बापाकडे बोट दाखवलं, डाव्या हाताचं. "बाबाले ठाऊक हाय."

रागिणीनं हातातली वाटी खाली ठेवली. नितेशनं हातातला घास ताटात परत ठेवला. समोर पोरगी होती, तोंडाला वरण लागलेलं, आणि ती रडतही नव्हती. आपल्या हातून काय झालं हे तिनं एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखं मान्य करून टाकलं होतं.

"तिचा काही दोष नाही," तो म्हणाला. "मले दिसत नाही."

"म्हणजे?"

"कडेचं दिसत नाही. अंधार पडला की काहीच दिसत नाही. मामासारखं हाय."

रागिणी उठली. त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि त्याच्या गालाच्या बाजूला हात धरला. "बोटं किती?"

तो समोरच बघत राहिला. हात कुठं आहे हेच त्याला कळलं नाही.

"केव्हापासून?"

"दीड वरीस झालं. अमरावतीले गेलतो ना, बियाण्यासाठी. तवाच डॉक्टरनं सायकल बंद कर म्हणून सांगतलं होतं."

ती पुन्हा बसली नाही. पदरानं आचलचं तोंड पुसलं, फ्रॉकमधून तिचा हात ओढून बाहेर काढला आणि घट्ट धरून ठेवला.

"अन् या लेकराले तुमी आपले डोये करून ठेवले? आठ वर्साच्या पोरीले? तिले इचारलं होतं का तुमी?"

नितेशनं ताट बाजूला सारलं.

"मले सांगतलं असतं तर मी सोडून गेली असती का? मी दोघा लेकरायले माह्या सायकलीवर बसवलं असतं. तुमाले मागून ऑटोनं आणलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात ही तुमच्याजवळ आली होती नं? तवा तरी बोलायचं."

दुसऱ्या दिवशी ती लेकरांना घेऊन भावाकडे, तेल्हाऱ्याला गेली. अडीच महिने आली नाही. नितेशनं एकट्यानं वांगी तोडली, पालकाच्या जुड्या बांधल्या. संध्याकाळ व्हायच्या आत घरात येऊन बसायचा. खुशालराव डबा आणून द्यायचे. त्यांना सगळं कळलं होतं, कारण आता त्यानं कुणापासूनच लपवलं नव्हतं.

रागिणी परत आली ती शिवमच्या व्यायामासाठी. परतवाड्याला आठवड्यातून दोनदा न्यावं लागणार होतं. अंगणात पिशवी ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "बाजार मी करीन. तुमी वावर पाहा, दिसते तोवर. अन् लेकरायले डोयाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन जाइन."

ती गेली, आणि आल्यावर वावरात येऊन, वांग्याच्या ओळीत उभं राहून तिनं त्याला सांगितलं. शिवमला हा आजार येणार नाही. बापाकडून तो मुलाला जात नाही. आचलच्या रक्तात मात्र तो आहे. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना बहुधा फार त्रास होणार नाही, पण उद्या तिला मुलगा झाला तर त्याला होऊ शकतो.

नितेश धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला.

"तिले हे कधीतरी सांगावं लागन," रागिणी म्हणाली. "ते तुमीच सांगायचं. मी नाही सांगणार. अन् उशीर करायचा नाही."

ती वांगी तोडायला लागली. थोड्या वेळानं तोही तोडायला लागला, दुसऱ्या टोकाकडून.

आता पावसाळा सरला आहे. रागिणी रविवारी शिवमला मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून कालव्यापर्यंत घेऊन जाते. डाव्या हातानं तो आईचा कुडता धरतो. वाकडा हात मांडीवर ठेवलेला असतो. तो अजूनही तारेवरचे पक्षी ओरडून दाखवतो. ते दोघं फाट्यावरून वळेपर्यंत नितेश दारात उभा राहतो, म्हणजे आवाज ऐकू येतो तोवर.

आचल जात नाही. ती उजव्या हातानं लिहायला लागली आहे, अक्षरही पहिल्यासारखं झालं आहे. पण रविवारी ती वावरात येते आणि गोठ्याच्या सावलीत वही घेऊन बसते.

गेल्या रविवारी नितेशनं तिला विचारलं, "जात काहून नाही तू? आई नेते म्हणते नं."

"मले नाही आवडत बाहेर."

"आधी तर लय आवडायचं."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "बाबा, तुमच्या पायापाशी विळा हाय," ती म्हणाली, आणि पुढची ओळ लिहायला लागली.