ठाण्याला, आईच्या साक्षीसाठी

लोक प्रवासाला निघतात ते काहीतरी बघायला. मी चाळिशी ओलांडल्यावर मोहन्याहून ठाण्याला निघाले ती स्वतःला दाखवायला, तेही आईला सोबत घेऊन. मिक्सर लागला की मी घराबाहेर पळते, ट्यूबलाइटखाली दुपारपर्यंत डोकं उठतं, कुणाचा हात अचानक लागला तर अंगावर काटा येतो. ऑफिसात याला ‘मॅडमचे नखरे’ म्हणतात. हे नखरे नाहीत, एवढं जाणत्या माणसाकडून एकदा ऐकायचं होतं. अशा त्रासावर काम करणाऱ्या ठाण्याच्या एका थेरपिस्टबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणीतरी आणा."

रिक्षाने कल्याणला आलो आणि ठाण्यातल्या खोपट स्टँडची एसटी पकडली. खिडकीची काच अशी तडतडत होती की दुर्गाडीचा पूल येईपर्यंत मी कानांत बोटं घातली. पुढे कोन गावाला एक आगरी मावशी टोपली घेऊन चढली आणि नेमकी माझ्याशेजारी बसली. टोपलीत निवट्या (खाडीच्या चिखलातले मासे). वास थेट घशात उतरला.

"कानाला काय झायलं गो बाय?" तिने विचारलं.

"दुखतोय जरा," मी म्हणाले. खरं सांगत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

पुढे गोदामंच गोदामं, मेट्रोचे खांब आणि धूळ. खारेगावला खाडी लागली. एरवी पाणी दिसलं की मला बरं वाटतं, त्या दिवशी तेही वाटलं नाही.

खोपटला उतरून आईने मिसळ मागवली. रश्शात भिजलेलं फरसाण माझ्या जिभेला सोसत नाही, म्हणून मी कोरडा पाव चावत बसले.

"अजून तुझं तेच का गं?" आई म्हणाली.

दवाखाना लहान मुलांचा निघाला. भिंतीवर हत्ती, खुर्च्या वीतभर उंचीच्या. रिसेप्शनवरच्या मुलीने आमच्या मागे डोकावून पाहिलं.

"पेशंट कुठाय?"

"मीच."

"अगं बाई! सॉरी हं."

थेरपिस्टबाई मात्र चांगल्या होत्या. मी न सांगता त्यांनी डोक्यावरचा दिवा बंद केला, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. माझं सगळं ऐकून त्या आईकडे वळल्या.

"काकू, लहानपणी हिला कपड्यांचा, आवाजाचा, खाण्याचा कशाचा त्रास व्हायचा का?"

"छे हो!" आई पदर सावरून बसली. "अगदी शहाणी मुलगी. वाढू ते खायची. कुठेही जुळवून घेते."

हे शब्द माझ्या ओळखीचे होते. मला बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे पोह्यांच्या बशा ठेवताना आई हेच बोलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तिने इथेही उघडली नाही.

"आई, खरं सांग ना."

"खरंच सांगतेय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे लहानपणापासूनचं नसेल, तर दुसरी कारणं बघावी लागतील. ताणही असू शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आज मी काही ठरवून सांगू शकत नाही."

परतीच्या एसटीत खारेगावची खाडी येईपर्यंत मी आईकडे पाठ करून बसले. इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता. शेवटी विचारलंच, "का खोटं बोललीस?"

आई पिशवीचा बंद पिळत राहिली.

"केसांना हात लावला की तू किंचाळायचीस," ती खूप हळू म्हणाली. "शाळेला उशीर व्हायचा. मग मी तुला गुडघ्यांत दाबून, थोबाडीत मारून वेण्या घालायचे. मला वाटायचं, नखरे करतेस. आता तो आजार ठरला, तर मी काय केलं गं तुला?"

तिचा हात धरावा असं वाटलं, पण ते मला जमत नाही.

प्रवासाहून आलेल्या माणसाला शेजारी विचारतात, काय आणलंत? मला हवी होती ती साक्ष मिळाली होती, फक्त जिथे द्यायची तिथे दिली गेली नाही. परत गेलो तर काम होईल, असं मला वाटतं. त्यासाठी आईला त्या परक्या बाईसमोर हेच सगळं बोलावं लागेल. आईनेच दोनदा विचारलं, "कधी जायचं?" मी बाईंना अजून फोन केलेला नाही.