अप्पांनी पैसे मागितले नव्हते

माझा बाप चोर नव्हता.

आज अप्पांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर गप्प बसले, आज लिहितेय. कुजबुज करणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेत. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

अप्पा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या मशीनवर होते. संप झाला, गिरणी गेली ती गेलीच. माणसं पांगली. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, कुणी थेट गावी. आम्ही चाळीतच राहिलो.

म्हातारपणी हातात स्मार्टफोन आला आणि अप्पांनी पहिलं काम काय केलं, तर खात्यातल्या जुन्या माणसांना शोधून शोधून ग्रुप काढला. रोज सकाळी यांचा मेसेज. "जय भीम. चहा झाला का?"

या माणसांचा एक रिवाज होता. संपात पडलेला, अप्पांनीच पाडलेला.

अडलेल्याने मागितलं की द्यायचं. कारण विचारायचं नाही.

"घरात चूल पेटली नाही, हे त्याच्या तोंडून कशाला वदवून घ्यायचं?" अप्पा म्हणायचे.

माझा जन्म संपातला. माझ्यासाठी दूध कोण दाराशी ठेवून जायचं, ते आईला कधीच कळलं नाही. तिनेही विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी तो फोन आला.

सरकार गिरणी कामगारांना घरं देतं, त्या यादीचं काम बघतो, म्हणाला. अप्पांचं पूर्ण नाव, गिरणी, खातं, सगळं धडाधड सांगितलं. तिकीट नंबरसुद्धा. गिरणीत ज्या नंबरावर हजेरी लागायची, तो.

"इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा नंबर पुकारला गं," अप्पा नंतर मला म्हणाले. "मला वाटलं, आपलाच माणूस."

त्या आपल्या माणसाने मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर विचारला. अप्पांनी तो वाचून दाखवला.

तो नंबर म्हणजे त्यांच्या चॅटच्या अकाउंटची किल्ली. यांच्या फोनवरचं अकाउंट बंद, चोराच्या फोनवर चालू. अप्पांना वाटलं नेट गेलं. ते जेवून आडवे झाले.

तेवढ्यात अप्पांच्या नावाने, अप्पांच्या फोटोसकट, ग्रुपमधल्या एकेकाला मेसेज गेला. मुलीचं अर्जंट ऑपरेशन आहे, पैसे पाठव.

मुलगी म्हणजे मी. मी ऑफिसात डबा खात होते. ठणठणीत.

एकाने तरी फोन करून विचारावं? पण कारण विचारायचं नाही ना!

कुणी पेन्शनमधून पाठवले. शांताराम काका तर अप्पांच्या शेजारच्या मशीनवरचे. त्यांनी काकूंच्या डोळ्यांसाठी बाजूला ठेवलेले नातवाला सांगून पाठवले.

पोलीस स्टेशनला गेलो. "आजोबा, ओटीपी द्यायचा नसतो, एवढं कळत नाही का?" अप्पा मान खाली घालून उभे. तक्रार लिहून घेतली. पैसे काही परत आले नाहीत.

अहो साहेब, आजोबांना कळलं नाही, मान्य. पण आजोबांचा तिकीट नंबर त्या चोराला कुठून मिळाला, हे कुणी विचारणार की नाही?

मी शोधलं. त्या घरांचे अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानाने सगळ्यांचे कागद स्कॅन करून, सोयीसाठी म्हणे, एका लिंकवर टाकले होते. पासवर्ड नाही, काही नाही. कुणीही यावं, हवं ते घेऊन जावं.

माझ्या ऑफिसात पाणी प्यायला उठलं तरी कॉम्प्युटर लॉक करावा लागतो. दरवर्षी इन्फॉर्मेशन सिक्युरिटीचं ट्रेनिंग, वर त्याची परीक्षा. कंपनीच्या एका एक्सेल शीटला एवढा पहारा. आणि या माणसांचे कागद उघड्यावर! डोकं फिरतं माझं.

अकाउंटला टू-स्टेप पिन लावलेला असता, तर नुसत्या त्या सहा आकड्यांवर चोराला आत शिरता आलं नसतं. दोन मिनिटांचं काम. ते चाळीत येऊन सांगायला कुणाला वेळ नव्हता. मतं मागायला बरा मिळतो.

आणि मग आपली माणसं.

"फोटो त्यांचा, नाव त्यांचं, मग पैसे दुसऱ्याने कसे घेतले?" एकाच्या मुलाने आमच्या दारात उभं राहून विचारलं. अप्पा आत होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. एकेकाच्या घरी जाऊन, समोर बसून, काय झालं ते सांगायला. काहींनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शांताराम काकांकडे मी बरोबर होते. काका म्हणाले, "तू मागितलेस, मी दिले. त्यात विचारायचं काय?"

"आता विचारायचं, शांताराम," अप्पा म्हणाले. "मेसेज आला की आधी फोन लावायचा. माझा आवाज ऐकायचा. आवाज माझा असला, तर मग कारण विचारू नको."

आणि रडायला लागले. बापाला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे वर्षभरात गेले. डॉक्टरांनी हार्ट अ‍ॅटॅक लिहिलं. मला विचाराल तर अपमानाने गेले.

आज सकाळी मी ग्रुपवर मेसेज टाकला. संध्याकाळी विहारात अप्पांसाठी वंदना आहे, सगळ्यांनी या.

लगेच शांताराम काकांचा फोन.

"पोरी, मेसेज तूच टाकलास ना?"

"हो काका."

"बरं. तुझा आवाज ऐकायला केला. येतो."

मग एकेकाचा फोन येत गेला. सगळ्यांचा तोच प्रश्न. ज्यांच्या घरी अप्पांना पाणी मिळालं नव्हतं, त्यांचाही.

त्यांच्याशी मी नीट बोलले. पण राग गेलेला नाही.

अप्पा, तुम्हाला या रागासकट श्रद्धांजली.

जय भीम.