उपासाला चालतं का?

उपासमावशींच्या आठवड्यात जेवणाचे वार थोडे आणि उपासाचे फार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादश्या आणि चतुर्थी. लोणावळ्याच्या आमच्या चाळीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे. त्या मूळच्या कुसगावच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, रेल्वेतल्या माणसाची बायको. मला त्यांच्या उपासांचं भारी हसू यायचं. "मावशी, देवाला एखादा दिवस तरी सुट्टी द्या," असं मी म्हणे. त्या शांतपणे म्हणायच्या, "द्येव कुटं मागतुया? माजीच सवय हाय."

आणि उपास म्हणजे काय साधासुधा? उपासाची कढई वेगळी, उलथनं वेगळं, तुपाची बरणीसुद्धा वेगळी. एकदा मी त्यांना वाटीभर दाणे नेऊन दिले. त्यांनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाला कणीक लागली, आणि वाटी जशीच्या तशी परत आली. "आज न्हाई चालायचं. उद्या दे, उद्या खाती." मला राग आला होता. म्हटलं, काय बाई हे सोवळं, एवढ्याशा पिठानं काय आभाळ कोसळणार आहे?

त्याच सुमाराला आमची बेबी आजारी पडली. चार वर्षांची पोर, पण हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्याएवढं. खाल्लेलं अंगी लागेना, जुलाब थांबेनात. येईल तो बिचारीच्या हातात बिस्किटं ठेवायचा, अशक्त आहे म्हणून. शेवटी पुण्याला मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हिच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किट, सगळं बंद. कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. म्हणजे बिस्किटं देणारे आपण सगळे तिला आणखी आजारी करत होतो.

मी घरातून गहूच हद्दपार केला. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, वरणभात. पण लहान मूल नुसत्या भाकरीवर कसं राहील? चाळीतली पोरं नानकटाई खात हिंडायची आणि ही दाराच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते मला बघवेना. म्हणून मी बाजारातल्या फरसाणवाल्या शेठकडून बटाट्याच्या चिवड्याचा पुडा आणायला लागले. आधी नीट विचारलं होतं, "यात गहू नाही ना?" ते हसले. "वहिनी, बटाट्यात गहू कुठून येणार?"

पंधरा दिवसांत पुन्हा जुलाब सुरू. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. मी शपथेवर सांगितलं की नाही. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. बेबी आता जिना चढायलाही उचलून घे म्हणायची. ही पोर माझ्या हातची जाणार, असं मला वाटायला लागलं, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मावशींजवळ मात्र मी बोलले. बोलले म्हणजे काय, रडलेच.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चिवड्याचा पुडा उचलून वास घेतला आणि पायात वहाणा घातल्या. "चल, कुटनं आनला त्ये दाव." दुकानात गेल्यावर त्यांनी गव्हाचं नावच काढलं नाही. पुडा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "शेटजी, आज माजा गुरुवार. ह्यो उपासाला चालतो का?"

शेठनी पुडा झटकन मागे ओढला. "नको मावशी, हा नको. शंकरपाळे तळतो त्याच तेलात हा तळलाय. तुम्हाला खोटं सांगून पाप कशाला घेऊ?"

मी तिथं उभ्या उभ्या गार पडले. शेठ माझ्याशी खोटं बोलले नव्हते. मी बटाट्याचं विचारलं, त्यांनी बटाट्याचं सांगितलं. तेलाचं, कढईचं, झाऱ्याचं मला विचारायलाच सुचलं नव्हतं, आणि उपासाच्या एका प्रश्नात ते सगळं आपोआप आलं. मावशींनी पुढचंही विचारून घेतलं. बुधवारी सकाळी कढई घासून शेठ नवं तेल घालत, आणि पहिला घाणा उपासाच्या चिवड्याचा काढत. त्या दिवसापासून बेबीचा खाऊ मावशींनी आपल्याकडे घेतला.

मग काय, लोणावळ्याचा सगळा बाजार त्यांनी पालथा घातला. एका चिक्कीवाल्यानं कबूल केलं की ओट्याला चिकटू नये म्हणून तो मैदा भुरभुरतो. दुसरा तुपाचा हात लावायचा. आम्ही त्याचे झालो. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, प्रत्येकाची आधी चौकशी आणि मग चव. नुसतं चालतं म्हणून त्या काहीच उचलत नसत. लाडू मऊ पडला असला किंवा दाणा खवट लागला तर सरळ परत. "पोरीला औशिद न्हाई द्यायचं, खाऊ द्यायचाय," म्हणायच्या. पुड्या आणून वेगळ्या डब्यात भरायच्या आणि डब्याला माझाही हात लागू द्यायच्या नाहीत.

दोन महिन्यांत बेबीचे गाल दिसायला लागले. एकदा शाळेला जाताना तिचा फ्रॉक दंडात अडकला, वर चढेचना. दुसरी आई वैतागली असती. मी मात्र तो फ्रॉक हातात धरून मावशींकडे पळत गेले आणि म्हटलं, बघा, बसत नाही. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला. त्यांनी फ्रॉक उलटून बघितला आणि शिवणीत कापड आहे, उसवून मोठा होईल, एवढंच म्हणाल्या.

बेबी पाचवीत गेली त्या वर्षी मावशींची नजर अधू झाली आणि आंबी गावात राहणारा त्यांचा पुतण्या त्यांना घेऊन जायला आला. जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. बुधवार होता, म्हणजे उपासाची अडचण नाही. भात, आमटी, मटकीची उसळ, तांदळाची भाकरी, सगळं केलं. पाट मांडला तर मावशी म्हणाल्या, "मला जरा साबुदाना भिजीव. आज बुधवार न्हवं का?"

"बुधवारी तुमचा कुठं उपास असतो?"

त्या थोड्या ओशाळल्या. "हिचा खाऊ आनाया जाती ना बुधवारी. उपास हाय म्हनून इचारायचं आनि घरी यिऊन जेवायचं, ही लबाडी झाली की गं. मी लबाड बोलली तर त्योबी मला लबाड बोलंल. आनि मग भोगनार कोन? ही पोर."

"म्हणजे इतकी वर्षं? दर बुधवारी?"

"तुला काय सांगायचं त्यात."

डोळ्यांना पदर लावून मी तशीच उभी राहिले. बेबीच पुढं झाली. ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही जाणार म्हणून शेठकाकांना मी सगळं सांगितलंय. पहिला घाणा ते माझ्यासाठीच बाजूला ठेवणार आहेत, उपास असो नसो. आता तुम्ही बुधवार सोडा."

मावशींनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. दिसत होतं तेवढं बघितलं. मग मला म्हणाल्या, "खरं सांगतीया का गं ही?"

शेठकडे मी तिच्याबरोबरच होते, मी होकाराची मान हलवली. त्यांनी हात धुतले, पाटावर बसल्या आणि पहिला घास घेतला.

"आमटी लय झ्याक झालीया," त्या म्हणाल्या. बेबीनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.