खडूस सर

विज्ञानक्षेत्रात काम करणाऱ्या बायकांची आमच्या शहरात एक संघटना आहे आणि तिथं मी पुरुष म्हणून प्रसिद्ध आहे.

त्याचं असं झालं. नोकरीच्या किंवा फेलोशिपच्या मुलाखतीला निघालेल्या मुलींसाठी आम्ही सरावाची खोटी मुलाखत घेतो. छावणीतल्या एका शाळेचा हॉल शनिवारी दुपारी मिळतो. टेबलामागं आम्ही दोघी-तिघी बसतो, समोर उमेदवार. लग्न आणि बाळंतपणात काही वर्षं गेलेल्या मुलींना त्या गॅपवरून कसं सोलून काढतात, हे आम्हा सगळ्यांनाच अनुभवानं ठाऊक. म्हणून एकीनं मुद्दाम खवचट परीक्षक व्हायचं असं ठरलं आणि पहिल्याच वेळी ते माझ्या वाट्याला आलं. मी गंमत म्हणून यजमानांचा लग्नातला कोट चढवून गेले आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या अंगात आलं.

"मूल केवढं आहे? ते आजारी पडलं की प्रयोग कोण बघणार? आणि मिस्टरांची बदली झाली तर? मग आमची सीट वायाच की!" मी रेलून बसायचे, मध्येच मोबाइल बघायचे, उमेदवार बोलत असताना शेजारणीला चहाचं विचारायचे. हॉलमध्ये हसून हसून बायकांची मुरकुंडी वळायची. समोरच्या मुलीच्या तोंडचं पाणी पळायचं, मग ती सावरायची, उत्तरं घोटायची, पुढच्या शनिवारी पुन्हा यायची. बायकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही खुशीत चढले. कोट ड्रायक्लीनला द्यायला लागले. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक म्हणून इतक्या वर्षांत मला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या; खडूस सर म्हणून दर बैठकीला वाजत होत्या.

अशात पाचोडकडची एक मुलगी आली. घरची मोसंबीची बाग. मोसंबीला डिंक्या नावाचा रोग होतो. मुळं कुजतात, खोडातून डिंक गळतो आणि उभं झाड वाळून जातं. त्याच बागेतली काही झाडं मात्र ठणठणीत राहतात. ती का राहतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. निरोगी झाडांच्या मुळांशी तिला एक जिवाणू सापडला होता आणि तो रोगाला अडवतो असं तिचं म्हणणं होतं. पीएचडी झाली, लग्न झालं, मूल झालं, आणि जिवाणू मागं पडला. आता बाहेरगावच्या एका संस्थेत पुन्हा संशोधनाकडं वळणाऱ्या बायकांसाठी फेलोशिप निघाली होती. वयाची अट होती. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, त्यानंतर तिला दार बंद.

मी तिला चांगली भाजून काढली. पहिल्या शनिवारी तिचे डोळे भरले. तिसऱ्या खेपेला मी "मुलाचं काय?" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "सर, त्याला आजी आहे, आजोबा आहेत आणि वडीलसुद्धा आहेत." हॉल दणाणला. मी कोटाची कॉलर ताठ केली. जणू मीच तिला घडवली होती.

मुलाखत देऊन ती थेट बैठकीलाच आली. आम्ही सगळ्या कान टवकारून बसलो.

"लई चांगले होते मॅडम ते," ती म्हणाली. "पाणी दिलं. घाबरू नका म्हणाले. घरचं कोणीच काही विचारलं नाय."

"मग?"

"मग मी वाटच बघत बसले, आता विचारतील, मग विचारतील. तेवढ्यात एक मॅडम म्हणाल्या, तुमच्या निष्कर्षात एक गोष्ट खटकते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मॅडम, घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे."

कोणी हसलं नाही. निवड होणार नाही हे उघडच होतं, आणि पुढं झालीही नाही. आम्ही तिला जगातल्या सगळ्या खडूस पुरुषांसाठी तयार केलं होतं. कोणी सभ्यपणे कामाचं विचारलं तर काय करायचं, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बैठकीत लगेच उपाय सुरू झाले. आत्मविश्वासाची कार्यशाळा घ्या, देहबोलीवर व्याख्यान ठेवा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी मला फक्त कामाचं विचारा."

झाडांचा रोग म्हणजे विषय माझाच होता. पण बॅनर, हारतुरे, सत्कार आणि कोट यांत मी विज्ञानातल्या बायकांबद्दल इतकं बोलत आले होते, की विज्ञान राहूनच गेलं होतं. मी तिचा प्रबंध घरी आणला. दुसऱ्याच प्रकरणात अडकले. त्यातल्या अर्ध्या तंत्रांची मला नुसती नावं माहीत होती. शेवटी माझ्याच एमएस्सीच्या मुलांना तो विषय सेमिनारला दिला आणि परीक्षण करत असल्याचा आव आणून शेवटच्या बाकावरून निमूटपणे शिकून घेतला.

मग तिला एकटीला आमच्या प्रयोगशाळेत बोलावलं. कोट घरीच होता. मी एकच प्रश्न तयार करून नेला होता आणि तो विचारताना परीक्षा माझीच आहे असं वाटत होतं.

"तो जिवाणू आहे म्हणून झाड निरोगी आहे, की झाड निरोगी आहे म्हणून तो जिवाणू तिथं राहतोय?"

तिनं प्रबंध पुढं ओढला आणि पानं चाळायला लागली. मला वाटलं, केलं आपण पुन्हा वाटोळं. मग ती "थांबा" म्हणत उठली आणि फळ्यावर प्रयोगाची आकृती काढायला लागली. मी मध्ये बोलले की ती पुसायची आणि पुन्हा काढायची. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला, तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

पुढच्या वर्षी तिची निवड झाली. संघटनेनं सत्कार केला, सूत्रसंचालन मी केलं, आणि श्रेय घेताना अजिबात लाजले नाही. पण निकाल लागायच्या आधी, मुलाखतीतून बाहेर पडल्या पडल्या तिनं मला फोन केला होता. मी स्टाफरूममध्ये होते.

"एक सर म्हणाले, तुमचे आकडे पटत नाहीत. मी म्हटलं, कोणता पटत नाही ते दाखवा. लई जुंपली मॅडम आमची! ते उठून फळ्यापाशी आले, मी पण गेले. बाकीचे नुसते बघत बसले."

"मग? शेवटी काय झालं?"

"काही त्यांचं खरं निघालं, काही माझं." तिला हसू आवरत नव्हतं. "निवड होईल का नाय, माहीत नाय. पण लई बरं वाटलं."

मी तिला शाबासकी दिली आणि फोन ठेवला. आनंद झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त हेवा वाटत होता. माझ्या कामावरून माझ्याशी शेवटचं कोण भांडलं होतं, ते मी आठवत बसले. पुढच्या तासाची घंटा झाली तरी आठवेना.