पहिल्या खेपेचं रामेश्वर

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या घरावर जो स्लॅब आहे, तो रामेश्वरच्या सहलीचा आहे. ती सहल आम्ही केली नाही. एवढी दोन वाक्यं लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि जिची माफी मागायची ती माझी बायको गेल्या पौषात गेली.

मी बँकेत होतो. काही वर्षांतून एकदा कुटुंबासह देशात कुठंही फिरून यायची सवलत मिळे, प्रवासाचा खर्च बँक देई. न जाता बिल लावणारे तेव्हा बरेच होते. घराचं बांधकाम छतापाशी येऊन अडलं होतं, म्हणून मीही एका ट्रॅव्हलवाल्याकडून मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारीचे कागद तयार करून घेतले. बायकोला म्हणालो, "रामेश्वर काय पळून जातं का? पुढच्या वर्षी जाऊ."

तिनं समुद्र पाहिला नव्हता. पांझरेला पूर आला की ती पुलावर जाऊन उभी राहायची, तेवढंच तिचं मोठं पाणी. लग्नानंतर माझ्याकडे तिनं मागितलेली गोष्ट एकच होती, एकदा समुद्र दाखवा. मी शब्द दिला होता.

गल्लीत आणि बँकेत कळू नये म्हणून घर सोडून जाणं भाग होतं. सोडायला बायका आल्या. मीनाक्षीदेवीसाठी कुणी खण दिला, कुणी नारळ. शेजारच्या अक्कांना संधिवातानं चालवत नसे, त्यांनी ओसरीवरूनच हिरवा खण पाठवला. ते सगळं एका गाठोड्यात बांधून आम्ही पॅसेंजरनं चाळीसगावला उतरलो, तिथून जळगाव, आणि एसटीनं चोपड्याच्या पुढं सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं माझ्या मामेभावाचं शेत होतं. तो जळगावात राहायचा. हवापालट करायचा आहे असं सांगून मी शेतातल्या पत्र्याच्या खोलीची किल्ली घेतली होती.

अकरा दिवस आम्ही त्या खोलीत काढले. मे महिना होता. ट्रॅव्हलवाल्यानं दिलेली सहलीची पुस्तिका मी रोज तिच्याकडून घोकून घ्यायचो.

"रामेश्वरला कुंडं किती?"

"बावीस."

"मंडप कसा आहे?"

"लांबच लांब. दोन्हीकडे खांब. अहो, तुम्ही बँकेत कशाला गेलात? मास्तर व्हायचं, पोरं बडवायला मिळाली असती."

मग तिनं विचारलं, "समुद्राचा वास कसा येतो?"

मी मुंबईला एकदा पाहिला होता. "माशांसारखा."

"एवढाच? मग मी वासाचं नाही सांगणार. लगेच ओळखतील."

पाचव्या की सहाव्या दुपारी मी पुस्तिका वाचता वाचता झोपलो. उठलो तर ती नव्हती, गाठोडंही नव्हतं. खोलीमागं कोरडा नाला होता, त्याच्या वाळूत तिची पावलं दिसत होती. वळणापर्यंत गेलो. पुढं पावलं नव्हती, वाळू झाडून घेतल्यासारखी सपाट होती. त्या उन्हात हाक मारायला मला भीती वाटली. का, ते आजही सांगता येणार नाही. मी परत येऊन खाटेवर बसलो.

ऊन उतरल्यावर ती आली. हात रिकामे, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला.

"कुठं होतीस?"

"देवीची ओटी भरून आले. लोकांची होती, उकिरड्यावर थोडीच टाकायची?"

"आणि पाणी कुठं सापडलं?"

"होतं तिथं," एवढंच ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. त्या भागातल्या बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करून, झिरपेल तसं पाणी वाटीवाटीनं भरतात. झिरा म्हणतात त्याला. तशा एखाद्या झिऱ्यावर गेली असेल असं मी ठरवलं. झिऱ्याच्या पाण्यानं मनगट भिजतं, गुडघे भिजत नाहीत, हा विचार मी पुढं जाऊ दिला नाही.

परतताना जळगावच्या बाजारातून शंख आणि कुंकवाच्या डब्या घेतल्या. देवपुरात आलो तर तीर्थ करून आली म्हणून बायकांनी तिचे पाय धरले. तिनं पाय मागं घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. कुणीतरी मला म्हणालं, "भाऊ, फोटो दाखवा की." मी रीळ खराब निघाल्याचं सांगितलं. "बँकवाल्यांचं सगळंच उधार!" असं म्हणून तो हसला.

संध्याकाळी ती अक्कांच्या ओसरीवर प्रसाद द्यायला गेली. मी दारात उभा होतो.

"माय, समुद्र कसा शे वं? बठ्ठं पानीच पानी का?" अक्कांनी विचारलं.

बायकोनं प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला. मग सांगू लागली, ते पुस्तिकेत नव्हतं. धनुष्कोडीला छप्पर उडालेल्या भिंती आहेत. दोन्हीकडे समुद्र आहे. भिंतींच्या मागं वाळूत एक खड्डा आहे, आणि समुद्र इतका जवळ असून त्यात गोडं पाणी लागतं. एक बाई करवंटीनं ते भरते. चाळिशीची असेल. डाव्या कानाची पाळी फाटलेली. बोलत नाही, नुसती हसते. तिनं मला पाणी पाजलं.

अक्कांनी डोळे मिटून हात जोडले. घरी आल्यावर मी म्हणालो, "छान रचलंस. झिऱ्यावरची बाई थेट धनुष्कोडीला नेलीस." ती देवापाशी दिवा लावायला गेली.

अक्का मरेपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी तिला बोलवत. "समुद्रनं परत सांग वं." ती सांगायची. खोटं सांगणाऱ्याचं दर खेपेला काहीतरी बदलतं. हिचं कधीच बदललं नाही. लाट कशी येते ते ती हातानं दाखवायची, आणि मग वासाचंही सांगायला लागली. ओल्या दोरखंडासारखा वास येतो, म्हणायची.

बिलाच्या पैशांत आमचा स्लॅब टाकून झाला. पुढच्या वर्षी जाऊ, हे मी पुढंही बरीच वर्षं म्हणत होतो. मग म्हणायचंही सोडून दिलं, कारण तिनं विचारायचं सोडलं होतं. मूलबाळ नव्हतं. पावसाळ्यात त्या छताखाली एकमेकांसमोर जेवायला बसलो की माझी नजर आपोआप वर जायची.

शेवटी दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला आणि मी घाबरलो. धुळ्याहून निघणाऱ्या एका सहलीत दोघांची नावं घातली. मनाशी ठरवलं होतं, समुद्रासमोर तिची माफी मागायची. तिची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती, हे आधीच सांगून ठेवतो. दूधवाल्याचे खाडे ती तोंडी सांगायची.

मदुराईला तिनं मीनाक्षीला हात जोडले, पण ओटी भरली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भरलीय ना." रामेश्वरच्या त्या लांब मंडपात ती माझ्या पुढं चालत होती. एका वळणाआधी थांबून म्हणाली, "जपून, इथं पाय घसरतो." वळलो तर कुंडांवर न्हाऊन येणाऱ्यांनी फरशी ओली झाली होती. तिथली फरशी रोजच ओली असणार, कुणीही ते सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

धनुष्कोडीला दुपारी पोहोचलो. अंधाराआधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, रात्री इथं कुणी राहत नाही, असं सहलवाल्यानं बजावलं. बसमधून उतरल्यावर मी समुद्राकडे पाहिलंच नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पहिल्यांदा समुद्र बघताना ती कशी दिसते ते मला पाहायचं होतं.

पुलावरून पांझरा बघावी तसं तिनं पाहिलं.

"जवळ आलाय," ती म्हणाली. "मागच्या वेळी त्या भिंतीच्या पलीकडं होता."

आणि ती त्या मोडक्या भिंतींमागं निघाली, काठी टेकत, कुणाला न विचारता. मी मागून गेलो. तिथं झावळ्यांच्या आडोशाला वाळूत खड्डा होता. एक बाई करवंटीनं पाणी उपसत होती. तिनं मान वर केली आणि बायकोला पाहून हसली. वाट बघत असलेल्या माणसाला पाहून हसावं तशी. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. वय चाळिशीचं. तीस वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या ओसरीवर सांगितलं होतं तेव्हाही चाळिशीचंच.

तिनं करवंटी भरून बायकोला दिली. बायको प्यायली. मला त्या बाईनं दिली नाही. मी तिथं उभा आहे हे तिला दिसत होतं असं मला वाटलं नाही.

 माफीची पाठ केलेली वाक्यं विसरलो. कसाबसा म्हणालो, "अगं, मला तुला सांगायचंय. तेव्हा आपण इथं..."

"आपण नाही," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता आला. तुम्ही पत्र्याच्या खोलीत झोपला होतात, पुस्तक छातीवर ठेवून. मी एकटी आले. सगळ्यांची ओटी हिच्याच पदरात घातली." मग तिनं माझा हात धरला. तिचा हात थंड होता. "तेव्हा सारखं वाटत होतं, तुम्ही असायला हवं होतं. चला आता, गाडी सुटेल."

बसमध्ये बसल्यावर मी मागं वळून पाहिलं. भिंती दिसत होत्या. आडोसा दिसला नाही.

तिच्या तेराव्याला माझा पुतण्या लोकांना सांगत होता, "काकूंचं रामेश्वर दोनदा झालं." मी त्याला थांबवायला उठलो. उठलो आणि तसाच उभा राहिलो. काय सांगणार होतो?

म्हणून आज माझ्यापुरतं लिहून देतो. पहिल्या खेपेला मी रामेश्वरला गेलो नव्हतो. बिलावरची सही माझी होती आणि ती खोटी होती. दिलेला शब्द मी वेळेवर पाळला नाही. तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. हे सगळं खरं आहे.

ती गेली नव्हती, असं मात्र मी लिहून देऊ शकत नाही.